सात हात दोरा

९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तक्रार गंभीर आहे, तेव्हा चष्मा लावून वाच. दुकानातलं भिंतीवरचं घड्याळ अप्रामाणिक झालं आहे. एकोणतीस वर्षं ज्याने माझ्या डोक्यावर बसून इमानेइतबारे टिकटिक केली, ते आता उतारवयात चोऱ्या करू लागलं आहे. मोठ्या नव्हेत, दोन मिनिटं, चार मिनिटं. मी शिवणीला बसतो तेव्हा दहा वाजून दहा झालेले असतात. सुईत दोरा ओवून मान वर करतो, तर सव्वादहा. दोरा ओवायला पाच मिनिटं लागण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. काल त्याला खाली उतरवून जाब विचारला. त्याने मौन पाळलं. मौन म्हणजे संमती, असं पाठशाळेत बारा वर्षं घोकलेलं आहे. तेव्हा गुन्हा सिद्ध आहे. शिक्षा तू सुचव.

आता दुय्यम बातमी. परवा टिचकी पालथी पडली. चार महिने जिने छताचं निरीक्षण करण्यापलीकडे कशातही रस दाखवला नाही, तिने एकाएकी कूस बदलली, एक हात पोटाखाली अडकवून घेतला आणि मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ढकललं. मी हात सोडवला, सरळ केलं. पुन्हा पालथी. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी मी शरण गेलो.

तिची आई सोमवारपासून कामावर रुजू होते आहे. पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली हिंडायचं, सकाळी साडेसात ते दुपारी अडीच. जावई बोटीवर, इंजिनाच्या पोटात. तो ऑक्टोबरशिवाय उगवत नाही. म्हणजे नात माझ्याकडे, पुस्तकबांधणीच्या दुकानात. लेकीने काल दुकानाची पाहणी केली. कागद कापायचं कटर, दाबाचा प्रेस, टोचे, सुया, शेगडीवर उकळणारं सरसाचं भांडं, पुढे रस्त्यावर उतरणाऱ्या तीन पायऱ्या. कमरेवर हात ठेवून विचारते, "बाबा, इथे धार नसलेलं काही आहे का?"

म्हटलं, "मी."

ती हसली. मीही हसलो. पण ताई, आजवर पोर ठेवावी तिथे सापडायची, पुस्तकासारखी. आता ती स्वतःची जागा स्वतः बदलू शकते. या एका गोष्टीने मला घाम फुटला आहे. तुला हसू येईल, येऊ दे.

तुझा
पंडित


२१ जानेवारी

चि. पंडितास,
अनेक आशीर्वाद.

पत्राची चाल सोडू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू लपवतोस. कागदावर निदान तुझं अक्षर तरी दिसतं.

चौतीस वर्षं मुलांच्या वॉर्डात घालवलेल्या बाईचं ऐक. पालथं पडणं हा रोग नाही. जमिनीवर जाड गोधडी घाल, तिला त्यावर टाक आणि तू आपलं काम कर. सरसाचं भांडं उंच ठेव. टोचे डब्यात. उचलून उचलून तिचं गाठोडं करू नकोस. मूल पहिल्या वर्षात एकच उद्योग करत असतं, आपल्यापासून लांब जाण्याचा. आपण फक्त वाट मोकळी ठेवायची.

घड्याळाला तेल घाल. शिक्षा कसली देतोस?

आणि "धार नसलेला मी" हे वाक्य कुठे तरी छापून घे. चाळीस वर्षांत तू केलेलं पहिलं खरं विधान आहे.

ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

घड्याळाचा निकाल लागला. घड्याळजीने आठ दिवस ठेवून घेतलं, पोट फाडून पाहिलं आणि म्हणाला, "याची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे." आरोपी निर्दोष सुटून पुन्हा माझ्या डोक्यावर येऊन बसला आहे. चोऱ्या चालूच आहेत.

टिचकी बसू लागली. सभेच्या अध्यक्षासारखी बसते: पाठ ताठ, पोट पुढे, चेहऱ्यावर कशाशीच संबंध नसल्याचा भाव, आणि मधेच बाजूला कलंडते. भरवून घेणं तिने बंद केलं आहे. चमचा तिच्याच हातात हवा. कुस्करलेल्या केळ्यापैकी अर्धं कानात जातं, पाव माझ्या चष्म्यावर, उरलेल्यावर ती वाढते आहे. मी चमचा धरायला गेलो की हात झिडकारते. सहा महिन्यांची बाई मला म्हणते, तुमची गरज नाही. गेल्या तीन वर्षांत, बायको गेल्यापासून, इतकं स्पष्ट मला कुणी बोललं नव्हतं.

आणखी एक नवीन. कशाकडे हात नेला की मधेच थांबते आणि वळून माझं तोंड बघते. मी भुवया चढवल्या की हात मागे. हसलो की झडप. आणि मी काहीच केलं नाही तर? तर तिच्या लेखी ती परवानगी. मौन म्हणजे संमती. पाठशाळेत एक दिवस न जाता शिकली!

आता जे सांगतो त्यावर टोमणे मारू नकोस. मंगळवारी ती गोधडीवर होती. माझ्यासमोर, चार हातांच्या अंतरावर. मी शिवत होतो. आणि मग ती कटरच्या पायाशी होती. लोळत गेली असणार, वाटेतली रद्दी इकडेतिकडे झालेली होती. पण ताई, ती इथे होती आणि तिथे होती. मधलं काही मी पाहिलंच नाही. सुई माझ्या हातात तशीच. मुलं इतकी चपळ असतात का? माझी लेक अशी नव्हती, की तेव्हा तिची आई बघत होती म्हणून मला कळलं नाही?

चहाचं भांडंही दोनदा कोरडं करपलं. आणि वकिलांचं एक जाडजूड पुस्तक बांधून दिलं, ते त्यांनी परत आणलं. तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही पानं दोनदा शिवली होती. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्हाला एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय, म्हणून सोय केली." ते हसले. सुटलो.

पंडित


२६ मार्च

चि. पंडितास,
आशीर्वाद.

मुलं इतकी चपळ असतात का, म्हणे! वॉर्डात पाठ वळली की एकेक कार्टं कॉटखाली सापडायचं. सगळी आजोबामंडळी हेच सांगतात, आत्ता इथे होती.

तू मूळचा भित्रा. विहिरीला भूत आहे असं आईने एकदा सांगितलं, तर अकराव्या वर्षापर्यंत तू पाण्याच्या हंड्यालासुद्धा वळसा घालून जायचास. ती भीती आता त्या पोरीच्या अंगावर घालू नकोस.

आणि नीट झोपत जा. मला तर वाटतं, तुला बसल्या बसल्या डुलकी लागते आणि तू घड्याळाला चोर ठरवतोस.

ताई


२ मे

ती. ताईस,
सा. न.

डुलकीचा आरोप मला अमान्य आहे. डुलकी लागणाऱ्याची मान पडते, सुई सुटते, आणि जाग आल्यावर तो लाजतो. माझी मान ताठ असते. पुढचा खटला घे.

टिचकी रांगते. पहिले तीन दिवस उलटी रांगली. डोळे खेळण्यावर, आणि देह मागे मागे. ध्येयाकडे एकटक पाहत ध्येयापासून दूर जाण्याची ही कला मी आजवर फक्त समित्यांच्या बैठकांत पाहिली होती. चौथ्या दिवशी गिअर सापडला. आता सुसाट. कटर, प्रेस, सरस, पायऱ्या, सगळीकडे तिला तातडीची कामं असतात. उंबऱ्याशी मात्र अजून थांबते, वळून माझं तोंड बघते. मी "अं हं" म्हणतो. परत येते.

मी एक उपाय केला आहे आणि त्याचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान आहे. शिवणीचा तागाचा दोरा असतो ना, मेण लावलेला? तो तिपदरी वळला. एक टोक तिच्या कमरेच्या कापडी पट्ट्याला, पाठीमागे. दुसरं माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला. लांबी मोजून सात हात. कटर आठ हातांवर आहे, शेगडी साडेआठ, उंबरा नऊ. ती हद्दीपर्यंत गेली की माझा अंगठा ओढला जातो. मी "बोला" म्हणतो. ती मागे बघते, हसते, पुन्हा ओढते. दिवसातून शंभर वेळा आमचा हा संवाद चालतो. तारायंत्र गेलं म्हणतात. आमच्याकडे सुरू आहे.

गिऱ्हाइकं हसतात. शेजारची इस्त्रीवाली म्हणते, "बाइंडरभाऊ, नातीने आजोबाला बरं दाव्याला बांधलंय!" मी म्हटलं, बाई, तुम्ही एकट्याच बरोबर वाचलंत.

गेले बारा दिवस मी शांत आहे. म्हणून हे पत्र इतकं लांबलं.

पंडित


११ मे

पंडित,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा मला हसू आलं नाही.

तुला एक गोष्ट सांगते, जी कुणालाच सांगितलेली नाही. वॉर्डात आम्ही मुलं बांधायचो. सलाइनची सुई ओढू नये म्हणून मनगटं पट्टीने कॉटच्या गजाला. नियमच होता तसा, आणि गाठ माझी पक्की बसायची म्हणून मलाच बोलवायचे. एक मुलगी होती, दहा-अकरा महिन्यांची. सोळा दिवस बांधलेली. बरी झाली, मी पट्ट्या सोडल्या. तिने हात हलवलेच नाहीत. गजाजवळ तसेच धरून ठेवले. मी खुळखुळा दिला, घेतला नाही. तिची आई विचारत होती, "सिस्टर, आता ही अशीच राहणार का?" मी सोडलेल्या पट्ट्या गोळा करत राहिले. ती घरी गेली, पुढे काय झालं माहीत नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून कुणी पिशवीला गाठ मारली तरी मी तोंड फिरवते.

शिवाय तो दोरा तिच्या गळ्यात अडकला तर? टेबलाच्या पायाला वेढा बसला तर? तू शिकलेला माणूस ना?

तुला तिची काळजी नाही वाटत, पंडित. तुला ती आपल्यापासून लांब जाऊ नये असं वाटतं. बायको गेली, लेक दिवसभर बाहेर, आणि ही एक हाताशी लागली. समजते मी. पण म्हणून दोरी नाही बांधायची.

तुझ्या लेकीला वेगळं पत्र टाकते आहे. दोरा आजच्या आज काप. उंबऱ्याला फळी लाव, टेहळणी कर, माणसासारखा.

ताई


२० मे

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी दोरा कापला. मलाही तो कधी आवडला नव्हता, पण बाबांना इतका आनंद झाला होता की बोलवेना. मला वाटलं वाद घालतील, दोन संस्कृत वचनं फेकतील. कापलेला दोरा रिळाला गुंडाळत बसले. मग म्हणाले, "हातातली तीनशे पुस्तकं संपेपर्यंत राहू दिला असतास तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "बाबा, पुस्तकं संपणार का कधी?" तर म्हणाले, "तेही खरंच."

टिचकी मजेत आहे. खुर्ची धरून उभी राहते. पहिला दिवस दोरा नाही म्हणून मागे वळून कमरेकडे बघत होती, इतकं हसू आलं!

बाबा मात्र अति करतात. तिला कडेवर घेऊन घराचा जिना उतरत नाहीत, इस्त्रीवाल्या मावशींना हाक मारतात. कापायची सगळी कामं पलीकडच्या बाइंडरकडे पाठवून देतात. मी म्हटलं, एवढी काय भीती? म्हणाले, "तुझी आत्या सांगेल, मी हंड्याला वळसा घालायचो."

फळी सुताराकडे सांगितली आहे. तो उद्या म्हणतो, म्हणजे महिना धर.

तुझी लाडकी


५ जून

ती. ताईस,
सा. न.

इकडे सर्व कुशल. टिचकीला खालचे दोन दात आले. फळी बसवली. दाराला आतून कडीही लावतो.

घड्याळाबद्दल आता तक्रार राहिलेली नाही.

तू पाठवलेला फ्रॉक बसतो. पिवळा आहे हे फार बरं झालं.

पंडित


८ जून

ती. आत्यास,

बाबांनी तुला कळवलं असेल की नाही माहीत नाही, म्हणून लिहिते.

मंगळवारी, तीन तारखेला, टिचकी रस्त्यावर गेली. साडेअकराच्या सुमाराला. फळी अजून आलेली नव्हती; उंबरा ओलांडून, तिन्ही पायऱ्या उलटी, पाय आधी सोडून उतरली. बाबांनीच शिकवलं होतं पलंगावरून तसं उतरायला. खाली कागदाचा टेम्पो उभा होता. ती त्याच्या मागच्या चाकामागे जाऊन बसली, सावली होती म्हणून. ड्रायव्हर वर चढला, इंजिन सुरू केलं. इस्त्रीवाल्या मावशी शर्ट झटकायला बाहेर आल्या नसत्या तर. त्यांना चाकाआड पिवळं काहीतरी दिसलं. मला वाटलं कुणाचा रुमाल पडलाय, म्हणत होत्या. मग त्याला हात आला.

तिला खरचटलंसुद्धा नाही. मी अडीचला घरी आले तेव्हा ती पुठ्ठा चावत बसली होती. बाबा म्हणाले, मी मागे कागद आणायला गेलो होतो, तेवढ्यात. मी रडले, ओरडले, मग स्वतःला समजावलं. कुणाच्याही हातून होऊ शकतं.

पण काल मावशी एकट्या भेटल्या. म्हणाल्या, "तुला सांगावं की नाही, पण ते मागे नव्हते गं. पोरीला घेऊन मी आत गेले तर आपल्या जागेवर बसलेले. डोळे उघडे. उजव्या हातात सुई. डाव्या हाताने एकच कागद सपाट करतायत, करतायत, करतायत. मी तीनदा हाक मारली. बाइंडरभाऊ, अहो बाइंडरभाऊ, पोर गेली असती! माझ्याकडे बघतात, पण मी काचेची असल्यासारखं. म्हणून मी तिला त्यांच्या मांडीवर ठेवली आणि खांदा हलवला. मग कुठे म्हणाले, बसा ना, कधी आलात?"

आत्या, बाबा माझ्याशी कधी खोटं बोलत नाहीत. दोरा कापला म्हणून रुसलेत का ते? इतके, की पोर जाताना दिसली तरी उठले नाहीत? असं मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली. पण आलं.

आता मी काय करू?


१३ जून

चि. पंडितास,

आज टोमणे नाहीत.

पोरीने मला सगळं लिहिलं आहे. त्यानंतर मी तुझी जानेवारीपासूनची पत्रं काढली आणि पलंगावर ओळीने मांडली. घड्याळ. करपलेला चहा. दोनदा शिवलेली पानं. इथे होती आणि तिथे होती, मधलं काही नाही. जिना न उतरणं. कटरची कामं दुसऱ्याला देणं. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे पहिल्या पत्रात दिसायला हवं होतं. मी तुला घड्याळाला तेल घाल म्हणून सांगितलं.

वॉर्डात अशी मुलं यायची. बोलता बोलता थांबायची. डोळे उघडे, बोटं चादरीशी चाळा करत. दोन मिनिटांनी पुढचा शब्द बोलायची, मधे काही झालंच नाही अशी. त्यांना डुलकी लागलेली नसे आणि ती रुसलेलीही नसत. हा फिटचाच एक प्रकार आहे, मोठ्या माणसांनाही होतो, त्याची तपासणी असते, औषधं असतात. बहुतेकांना गुण येतो. सगळ्यांना येतो असं मी तुला लिहिणार नाही.

एकच विचारते. हो की नाही, एवढंच कळव. तो दोरा तू तुझ्यासाठी बांधला होतास ना?

मी वीस तारखेच्या गाडीने येते आहे. तोवर पोरीला सगळं सांग, माझ्या आधी, तुझ्या तोंडाने. टिचकीला एक तासही एकट्याने सांभाळू नकोस. शेगडी बंद. कटर बंद.

तो दोरा मी कापायला लावला, पंडित. मला माझी ती कॉट दिसत होती. तू दिसला नाहीस.

ताई


१७ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात एकही टोमणा नाही, याबद्दल सविस्तर तक्रार करण्याच्या बेताने बसलो होतो. दीड ओळ सुचली, मग जमेना. तेव्हा थेट उत्तर देतो.

हो.

डिसेंबरापासून आहे. पहिल्यांदा वाटलं घड्याळ, मग वाटलं वय, मग वाटलं कंटाळा. मार्चमध्ये, ती कटरच्या पायाशी सापडली त्या दिवशी, कळलं. नाव माहीत नव्हतं, पण कळलं. ती गोधडीवर छत बघत पडलेली असेपर्यंत माझी दोन मिनिटं गेली काय, राहिली काय, कुणाचं बिघडत नव्हतं. ती हलायला लागली आणि माझ्या प्रत्येक रिकाम्या मिनिटाला पाय फुटले. कालपर्यंत न जमलेलं एक तरी तिला आज जमतं. बसली, मी टाळी वाजवली आणि आतून गार पडलो. रांगली, तेच. तुला ते भित्रेपण वाटलं. मी वाटू दिलं. हंड्याची गोष्ट फार उपयोगी पडली.

दोरा ओढला गेला की मी परत येत असे. खरंच त्या ओढीमुळे येत होतो की आपला आपणच, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण मी असो वा नसो, सात हातांच्या पलीकडे ती जात नव्हती. तू कापायला सांगितलंस तेव्हा मी एक वाक्य बोललो असतो तर तो राहिला असता. गळ्यात अडकण्याचं तू लिहिलंस तेही खरं होतं. म्हणजे दोन्हीकडून मी चूक. बोललो नाही, कारण बोललो असतो तर लेक दुसऱ्या दिवशी टिचकीला घेऊन कुठल्या तरी पाळणाघरात गेली असती.

लेकीला काल सांगितलं. अडीचला ती आली, मीटरची वही टेबलावर टाकली. मी म्हटलं, "बस. मी मागे कागद आणायला गेलो नव्हतो." सगळं ऐकलं तिने. पोरीला उचलून छातीशी धरलं. मग म्हणाली, "म्हणजे जानेवारीपासून मी रोज हिला इथे सोडून जात होते."

"हो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू हिला घेऊन गेली असतीस."

"गेलेच असते!" इतक्या जोरात म्हणाली, की टिचकी दचकली. मग उठून कटरच्या चाकाला साखळी घातली, कुलूप लावलं, किल्ली आपल्या पिशवीत टाकली. दाराशी जाऊन म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही रुसलात." आणि रडायला लागली. मी पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला. आज सकाळपासून इस्त्रीवालीचं टेबल माझ्या दुकानात आहे. ती मला सूचना देते, शर्टावर पाणी मारते आणि डोळा टिचकीवर ठेवते. निखाऱ्याची जड इस्त्री आली, म्हणजे धोक्याचं साहित्य एकाने वाढलं. पण त्याच्या मागे माणूस उभं आहे. डॉक्टरांची वेळ पंचवीसची मिळाली. तू असशील.

हे सगळं सांगता आलं. आता एक उरलं आहे, ते लेकीला सांगितलेलं नाही.

टिचकी आता उभी राहते. खुर्ची धरते, मग एक हात सोडते, मग दुसरा. मोजून तीन सेकंद. आणि त्या तीन सेकंदांत ती कुठे बघते सांगू? खुर्चीकडे नाही. माझ्याकडे. उंबऱ्याशी बघायची, तशीच.

त्या मंगळवारीही ती उंबऱ्याशी थांबली असणार. ती न विचारता कधीच गेली नाही, ताई. तिने वळून पाहिलं असेल. मी समोरच बसलेलो, डोळे उघडे. "अं हं" म्हणालो नाही. तिने थोडा वेळ वाट पाहिली असेल, आणि मग तिला वाटलं असेल, आजोबा जा म्हणतायत.

औषधाने गुण येईल न येईल. हातचं काम गेलं, दुकान गेलं, तरी चालेल. पण ती अजून माझं तोंड बघूनच पाऊल टाकते. इस्त्रीवाली जवळ उभी असली तरी बघते माझ्याकडे. मला त्याची भीती वाटते. फार वाटते.

पंडित